चीनचे राजे, मुक्काम नागापूर

आमचे धाकटे भाऊजी, म्हणजे माझे दीर, दर रविवारी सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून चीनच्या गादीवर बसतात. गादी म्हणजे प्लास्टिकची खुर्ची, आणि चीन म्हणजे कॉम्प्युटरवरचा खेळ. हजारो वर्षांपूर्वीचं एक गाव वसवायचं, त्याचं साम्राज्य करायचं. समोरच्याची राजधानी घेतली की डाव खलास. जन्मभर इथं नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत फिटर होते. आता सम्राट आहेत.

"चीनच का हो, भाऊजी?" मी एकदा विचारलं.

"त्यांच्याकडं भात हाय, वहिनी. अकोले तालुक्याच्या माणसाला भाताचा राजा बरा. गव्हाचं राज्य आपल्याला झेपायचं न्हाई."

म्हणून त्यांच्या चीनमध्ये गावाकडचं राजूर आहे, कोतूळ आहे, आणि नदीकाठी नुसती भातखाचरं. लुटारूंना ते 'बिबटे' म्हणतात आणि "बिबटं लई झालं" म्हणत भिंत बांधत सुटतात. आपली चाल संपवून दुसऱ्याला पाळी देणं, याला त्यांचा शब्द 'आवर्तन'. कालव्याचं पाणी पाळीपाळीनं सुटतं ना, तसं. "घे, तुझं आवर्तन सोडलं गं!" असं ओरडून ते बटण दाबतात.

हे 'तुझं' म्हणजे मनीषाचं. त्यांची एकुलती एक लेक, बंगळुरूला नोकरीला. भाऊजी चीन, ती इजिप्त. माझी जाऊ, म्हणजे मनीषाची आई, गेल्यापासून फोन स्पीकरवर ठेवून बापलेक असं राज्य करतात.

मी हसते खरी, पण मला हसायचा काही अधिकार नाही. आज नातवंडांची आजी आहे. तरुणपणी नगरच्या थेटरात, भर अंधारात गॉगल लावून पिक्चर बघायचे. पडद्यावर काय झालं, ते घरी येऊन ह्यांना विचारायचे.

मध्यंतरी मनीषाला बढती मिळाली. म्हणाली, "पप्पा, काम फार वाढलंय. एवढा डाव संपला की बंद करूया हं."

"व्हय, व्हय. बंदच करू."

तेव्हापासून चीनचं सैन्य चहाचे मळे राखतंय. परवा मी चष्मा पुसून पडद्यात डोकं घातलं, तर इजिप्तच्या राजधानीच्या दारात भाऊजींचे घोडेस्वार उभे. आत चिटपाखरू नाही.

"घ्या की, भाऊजी! जिंकलात!"

त्यांनी घाईघाईनं फोनवर हात ठेवला. "हळू बोला, वहिनी! जिंकल्यावर मंग रविवारी काय करायचं?"

आणि घोडे माघारी वळवले. "दमलीत बिचारी. पाणी पाजून आणतो."

तेवढ्यात फोनमधून मनीषा करवादली, "अहो पप्पा, तुमची राजधानी सताड उघडी आहे! मी कधीपासून बघतेय. एक तरी शिपाई ठेवा ना तिथं!"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे. खुर्चीत निवांत मागे रेलले.

"राहिलंच बघ. पुढल्या रविवारी ठेवतो."

"नक्की ठेवा," ती म्हणाली. "आणि विसरलात, तर त्याच्या पुढल्या."