कृष्णकांत परुळेकर यांच्या पूर्ण झालेल्या संकल्पाबाबत

मनुष्याला पन्नाशीच्या आसपास आपले आयुष्य अर्थपूर्ण करावेसे वाटू लागते, आणि हे वाटणे साधारणपणे बारा जानेवारीपर्यंत टिकते. हा कालावधी वाढवावा या उदात्त हेतूने मस्कतमधील आमच्या मित्रमंडळाने दहा वर्षांपूर्वी संकल्प उपसमिती स्थापन केली. मी तिचा सचिव. (समितीत पाच जण आहेत, काम मी करतो.)

एक जानेवारीला इथे ऑफिसे चालू असतात, त्यामुळे आमचे नवे वर्ष पहिल्या शुक्रवारी सुरू होते. अध्यक्ष राजीव देवस्थळी यांच्या हॉलमध्ये साबुदाण्याची खिचडी झाली की अर्ज स्वीकारले जातात. (आधी स्वीकारले तर वजनाचे संकल्प खिचडीपाशीच मोडतात, असा अनुभव आहे.)

पद्धत निर्दोष आहे. या देशात आपण जसे अर्बाबाच्या, म्हणजे मालकाच्या, सहीवर राहतो, तसा आमचा प्रत्येक संकल्प जोडीदाराच्या संमतीवर राहतो. मुदत एक वर्ष. मुदत संपली की नूतनीकरण तरी करायचे, नाहीतर रद्द. तिसरा रकाना नाही. गेल्या वर्षी एकशे चार संकल्प नोंदले गेले: एकेचाळीस वजनाचे, बावीस रोज किनाऱ्यावर चालण्याचे, सतरा मुलांशी मराठीत बोलण्याचे (मुलांनी 'ओके' म्हणून पाठिंबा दिला) आणि बाकीचे अंतर्मुख होण्याचे. यंदा त्यांपैकी एकशे दोन नूतनीकरणाला आले. उरलेल्या दोघांपैकी एकाची बदली सलालाहला झाली. तिथला किनारा वेगळा असल्याने त्याचा चालण्याचा संकल्प आम्हाला वर्ग करता आला नाही. दुसऱ्याबद्दल हे टिपण आहे.

कृष्णकांत परुळेकर, वय त्रेपन्न, रुसैलमधल्या एका गोदामात स्टोअरकीपर. नऊ वर्षे त्यांचा अर्ज एकच: 'हे शेवटचं वर्ष. मग कायमचा घरी, बाबांजवळ.' इतका अढळ संकल्प आमच्या दप्तरी दुसरा नाही. त्याबद्दल त्यांना पाच वेळा सातत्याची ढाल दिली. घेताना ते मान वर करत नसत. (विनयी माणूस.)

यंदा त्यांनी अर्जावर लिहिले, 'झाला. मंगळवारी जातोय.'

राजीवनी अर्ज उलटून मागची बाजूही पाहिली.

"अहो, पण 'झाला' असा कॉलमच नाहीये," राजीव म्हणाले.

"मग 'रद्द'मध्ये टाकूया?" समितीच्या सदस्य सोनल यांनी सुचवले.

"रद्द नको," कृष्णकांत म्हणाले. "बाबा शहाऐंशीचे झाले. तिकीट काढलंय मी."

"छान. पण सेफ्टीला एक वर्ष रिन्यू करून ठेवा ना!" राजीव म्हणाले.

कृष्णकांत हलेनात. तेव्हा नियमाप्रमाणे जोडीदाराची संमती घ्यायचे ठरले. पत्नी सुगंधा वेंगुर्ल्याजवळच्या गावात, म्हणून फोन स्पीकरवर लावला. राजीवनी विषय समजावून सांगितला.

"खरा काय ह्या?" सुगंधा म्हणाल्या. "दर वर्साक मी म्हाताऱ्यांका सांगतंय, औंदा येतले. ते दारातली खुर्ची कोणाक बसाक देयत नाय. खोटा असात तर आताच सांगा. माका परत तेंका फसवूचा नाय."

"खरा हा गो," कृष्णकांत म्हणाले. "मंगळवारी."

मला ठसका लागला. (खिचडीत मिरची जास्त होती.) खरे सांगायचे तर मला त्या माणसाचा हेवा वाटला, आणि रागही आला. आम्ही सगळे इतक्या शिस्तीत बसलो होतो.

पूर्तीमुळे चुकीचा पायंडा पडेल, हे लक्षात घेऊन समितीने निर्णय पुढच्या शुक्रवारवर ढकलला. कृष्णकांत मंगळवारी गेले. त्यामुळे दप्तरात 'विनापरवानगी संकल्पपूर्ती; अर्जदार फरार' अशी नोंद करावी लागली.

गुरुवारी ग्रुपवर त्यांचा फोटो आला. दारातल्या खुर्चीत म्हातारा, पायरीवर कृष्णकांत. खाली लिहिले होते, 'बाबा दर तासाक इचारतत, परत कधी जातलंस?' एकतीस जणांनी अंगठा दिला. राजीवनी लिहिले, 'यल्ला, चला, नेक्स्ट इयर आम्ही पण. इन्शाल्ला.' (हा त्यांचा दहावा अर्ज धरला आहे.)

आता सातत्याच्या ढालीला मानकरी उरलेला नाही आणि ओमानबाहेरचे उमेदवारही चालतील, असे समितीने ठरवले आहे. अर्ज कागदावर नसला तरी हरकत नाही. 'यंदा नक्की येतो' असे तुम्हीही कोणाला तरी सांगितलेले असणारच. हे कितवे वर्ष, तेवढे कळवा. बाकी सगळा मजकूर गेल्या वर्षीचाच ठेवू. फक्त ज्यांना सांगितले आहे त्यांचे वय तेवढे नव्याने लिहा. तो एकच रकाना आम्हाला दरवर्षी बदलावा लागतो.