आ वासलेले मतदार

दातांच्या डॉक्टरांनी नगरपालिकेची निवडणूक लढवायचं ठरवलं आणि प्रचार दवाखान्यातूनच सुरू केला. पेशंट खुर्चीत आडवा झाला, तोंडात कापूस आणि लाळ ओढणारी नळी बसली, की डॉक्टर विकासाकडे वळत.

"गाव वाढतंय, वाढू दे. टेकडीवर इमारती होऊ देत, रस्ते रुंद होऊ देत, दिवसभर पाणी येऊ दे. आणि घरपट्टी एका पैशानं वाढणार नाही. पटतंय ना?"

"आँ," पेशंट म्हणे.

"बघ, यांनाही पटलं," डॉक्टर पलीकडच्या खुर्चीशी काम करणाऱ्या बायकोला सांगत. तीही दातांचीच डॉक्टर. ती मान वर न करता "हं" म्हणे.

निवृत्त पोस्टमास्तरांनी तर हात उंचावून काहीतरी विचारायचा प्रयत्न केला. "आई उऊ?"

"दुखलं का, काका? झालंच आता." डॉक्टरांनी त्यांचा हात हळूच खाली ठेवला.

पुढे डॉक्टरांच्या खुर्चीकडे कुणी फिरकेनासं झालं. बायकोकडे मात्र बाकडं भरलेलं. डॉक्टरांनी त्याचाही अर्थ लावला. लोकांना वाटत असणार, साहेब प्रचारात आहेत, कशाला त्रास द्या.

मोठ्या सभेच्या दिवशी दुपारी डॉक्टरांची स्वतःचीच दाढ ठणकायला लागली. बायकोनं त्यांना खुर्चीत घेतलं, भुलीचं इंजेक्शन दिलं, तोंडात कापूस भरला आणि स्टूल जवळ ओढलं.

"अहो, आता जरा ऐका. पोस्टमास्तरकाका एका बाजूनं जेवतायत, पण तुमच्याकडे यायला तयार नाहीत. ते त्या दिवशी आईला हाक मारत नव्हते. 'पाणी कुठून' असं विचारत होते."

"आँ," डॉक्टर म्हणाले.

"टेकडीवर पाणी चढवायला पंप लागणार, रस्त्यांना डांबर लागणार. घरपट्टी वाढवायची नाही, मग हे सगळं कशातून करणार? कधीचं सांगायचं होतं. पण घरीसुद्धा तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. म्हटलं, कधीतरी यांचीही दाढ दुखेल."

डॉक्टरांनी हात उंचावला. तिनं तो हळूच खाली ठेवला आणि कामाला लागली.

सभेला मैदान भरलं होतं. डॉक्टर माईकपुढे उभे राहिले, पण अर्धा ओठ अजून बधिर होता. "गावाचा इकाश," एवढंच बाहेर पडलं. पुढच्या रांगेत हशा पिकला. डॉक्टरांनी भाषणाचा नाद सोडला.

"तुम्ही ओला," ते म्हणाले आणि खाली बसले.

मग पोस्टमास्तर उठले आणि पाण्याचं विचारून मोकळे झाले. त्यांच्यामागून बेकरीवाल्या बाई उठल्या. "इमारती येऊ देत, पण आधी पाण्याची सोय करा. आणि ज्याची इमारत, त्यानंच तिथला रस्ता करून द्यावा." कुणी शाळेचं काढलं, कुणी गटाराचं. एकमेकांना खोडून काढत लोक बराच वेळ बोलत राहिले. डॉक्टर गालाला हात लावून ऐकत होते.

शेवटी पोस्टमास्तरांनी विचारलं, "मग डॉक्टर, घरपट्टीचं काय?"

डॉक्टरांनी विचार केला. "वाढेल," ते म्हणाले. "थोली."

"आता कसं बोललात," म्हणत पोस्टमास्तर खाली बसले.

घरी परतताना बायकोनं विचारलं, "भूल कधी उतरली?"

"का?"

"मी दिलेली भूल इतका वेळ टिकत नाही."

"काका पाण्याचं विचारत होते तेव्हाच."

"मग ते 'थोली'?"

"लोक बोलत होते गं. मी धड बोलायला लागलो असतो, तर थांबले असते."

ती हसली. मग पोस्टमास्तरांच्या दाढेपासून स्वतःच्या दुखऱ्या पाठीपर्यंत मनात साठलेलं एकेक सांगायला लागली. डॉक्टर मधे एकदाही बोलले नाहीत. घराचं फाटक आलं तरी तिचं संपलं नव्हतं, म्हणून त्यांनी फाटक उघडलंच नाही. दोघं पुढे चालत राहिले.