बिनमिठाचा पाव

पाव भाजायला असं काय लागतं हो? इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात मी गाड्यांचे ब्रेक टेस्ट करतो, भल्याभल्या गाड्या जागच्या जागी थांबवतो. मला पाव जमणार नाही होय!

झालं असं, की सासरे, म्हणजे अप्पा, पुण्याहून आले आणि त्यांचं बीपी चढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. आमच्या हिने, पद्मजाने, दुकानातला ब्रेडच बंद केला आणि वर फर्मान काढलं, "शनिवारपर्यंत बीपी उतरलं नाही, तर मॅकिनॉ बेटाची सहल कॅन्सल!" अप्पांचा चेहरा एवढासा झाला. तिथल्या घोडागाडीत बसायचं म्हणून त्यांनी खास नवी टोपी आणली होती. त्यात सकाळच्या चहाला पाव नाही!

"अप्पा, काळजी सोडा!" मी म्हटलं. "मी घरी पाव करतो. कमी मिठाचा कशाला, बिनमिठाचाच!"

"राजीवराव, तुम्हाला चहा तरी येतो का?"

आता तर करणारच!

बुधवारी यीस्ट घालून पीठ मळलं. मेलं हाताला चिकटून बसलं, सोडता सोडेना. इडलीचं पीठ ठेवतो तसं ओव्हनमधला दिवा लावून आत उबेला ठेवलं आणि मीटिंगला बसलो. तेवढ्यात माझी लेक अनया किंचाळली, "बाबा! इट्स एस्केपिंग!"

धावलो. पीठ पातेल्याबाहेर येऊन जाळीतून खाली लोंबत होतं! मी अक्षरशः नाचलो.

"पद्मजा, बघ! काय फुगलंय! रेसिपीतल्या वेळेच्या निम्म्यात!"

"अरे, पण ते थांबणार कधी?"

ट्रेमध्ये घालायला हात लावला मात्र, फुस्स! सगळी हवा गेली. भाजून निघाला तो पांढराफटक, चपटा पाव. चव? पुठ्ठा बरा!

अनयाने फोनवर शोधलं. "बाबा, सॉल्ट स्लोज द यीस्ट. इट्स लाइक... द ब्रेक्स!"

पद्मजा खुर्ची धरून हसत सुटली. गेले ना माझे ब्रेक!

पण अप्पा भला माणूस. तुकडा चहात बुडवून खाल्ला. "छान आहे हो, फक्त जरा अळणी लागतोय."

मग त्यांनी त्यावर खारं लोणी थापलं. त्यावर लिंबाचं लोणचं. सोबत पोह्याचे पापड. अहाहा, माझा पाव संपत होता! पद्मजा ऑफिसला गेली, की मी हौसेने लोणच्याची बरणी पुढे करायचो. "घ्या अप्पा, अजून घ्या! पावात मीठ नाहीच!" शुक्रवारी तर बरणीचा तळ दिसला.

शनिवारी सकाळी अप्पा टोपी घालूनच बसले. पद्मजाने दंडाला पट्टा बांधला. मशीन घुरघुरलं, थांबलं. आकडा बघून तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या बरणीकडे, आणि मॅकिनॉचं बुकिंग कॅन्सल केलं.

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"राजीवराव," ते म्हणाले, "पुढच्या वेळी पावात मीठ घाला. मला मीठ कमी करायचंय!"