कॅरी मुक्कामीं दोन चेंडूंचा तह जाहला त्याची हकीकत

श्री. सकल गुणी श्रोत्यांनीं चित्त स्थिर करून ही हकीकत श्रवण करावी. अमेरिका खंडीं उत्तर कॅरोलायना म्हणोन जो मुलूख, त्यांत कॅरी नामें कसबा. जेथें पाइन वृक्षांची दाटी आणि सॉफ्टवेअरवाल्या मराठी मंडळींची त्याहून दाटी. तेथें वसंत ऋतूंत, मराठी मंडळाच्या सालाबाद पिकनिकचे दिवशीं जें रण माजलें आणि जो तह ठरला, त्यांत कोणाची अब्रू राहिली आणि कोणाची गवतांत लोळली, हें पुढील पिढ्यांस ठाऊक असावें. पुढील पिढ्या मराठी वाचीत नाहींत. तथापि लिहून ठेवणें हा धर्म, म्हणोन लिहिलें आहे.

मूळ वैराचें कारण ऐसें जे, मंडळाचे माजी अध्यक्ष राजश्री जगन्नाथराव हे कोल्हापूरचे. सांप्रत औषध कंपनींत मोठ्या हुद्द्यावर, परंतु तारुण्यीं पेठेच्या तालमीकडून फुटबॉल खेळलेले. तो फुटबॉल गोल चेंडूचा, पायानें खेळावयाचा. त्यास हात लावणें म्हणजे देवघरांत चपला घालून शिरणें, ऐसी त्यांची निष्ठा. आणि त्यांचे चिरंजीव आर्यराव, जन्म येथलाच, पेशानें फिजिओथेरपिस्ट. त्यांणी शाळेंत अमेरिकी फुटबॉल गाजविलेला. तो लांबोड्या चेंडूचा, हातीं धरून पळावयाचा, आणि पळणाऱ्यास आडवा पाडावयाचा. नांव एक आणि धर्म दोन. गतसालीं पिकनिकांत दोन्ही फौजा एकाच मैदानीं उतरल्या, नियम कोणीं ठरविले नव्हते. जगन्नाथराव चेंडू पायीं खेळवीत ऐटींत येत होते, तों आर्यरावांनीं आपल्या शिरस्त्याप्रमाणें कमरेस मिठी मारून तीर्थरूपांस भुईसपाट केलें. गुडघा मुरगळला. जगन्नाथराव पडल्या जागेवरून गर्जले कीं, "ह्यो खेळ न्हवं, दरोडा हाय!" आणि आर्यराव बोलिले, "दॅट्स फुटबॉल, बाबा."

तेथून बापलेकांचें बोलणें तुटलें. चिरंजीव जेवावयास घरीं येत, एकाच टेबलावर बसत, आणि दोघांचे निरोप सौभाग्यवती संध्याकाकूंचे मार्फत जात. काकू मध्यें बसून वकिलात करीत, आणि वकिलातीचा त्यांस वीट आला.

या घरीं देवयानी नामें एक विद्यार्थिनी येत असे. मूळची अमरावतीची, जवळच्या विद्यापीठांत इतिहासाची पीएचडी करणारी. तिचा विषय ऐसा जे, ऑस्ट्रेलियांत इंग्रजांचें राज्य असतां तेथें फुटबॉलचे निरनिराळे पंथ कैसे उपजले. हा विषय ऐकोन मंडळींतील काका लोक मायेनें पुसत कीं, यांतून जॉब काय मिळतो? देवयानी हंसून वेळ मारून नेई, आणि घरीं जाऊन तोच प्रश्न स्वतःस पुसे. पांच वर्षें तिणें जुनीं वर्तमानपत्रें वाचिलीं. आणि जन्मांत एकाही चेंडूस लाथ मारिली नव्हती.

यंदाची पिकनिक जवळ आली तेव्हां संध्याकाकूंनीं फर्मान काढिलें कीं, नियम ठरल्याखेरीज मैदानीं एकही चेंडू उडूं नये. उडाल्यास बटाटेवडे गाडीच्या डिकींतून बाहेर निघणार नाहींत. आणि नियम ठरविण्याची मसलत देवयानीचे गळां घातली.

देवयानी घाबरून म्हणाली, "काकू, मी फक्त वाचलंय हो. मला खेळता कुठे येतं?"

"मग बरंच आहे," काकू म्हणाल्या. "येणाऱ्यांनीच तर वाट लावलीय."

मग पिकनिकचा दिवस उजाडला. पार्क विस्तीर्ण, परंतु मैदानाच्या ऐन मध्यें दोन पाइन वृक्ष उभे. पूर्वेस जगन्नाथरावांची फौज उतरली, तींत पोट सुटलेले नामांकित सरदार, आणि पश्चिमेस आर्यरावांची, तींत येथें जन्मलेले तरुण आणि शार्दूल नामें एक नवा आलेला एमएसचा विद्यार्थी, जो भूक जास्त असल्याकारणें दोन्ही पक्षांस अनुकूल होता. मध्यें लांकडी टेबलावर दोन्ही चेंडू ठेविले, आणि देवयानी टिपणांची वही दोन्ही हातीं घट्ट धरून बांकावर उभी राहिली.

तिणें निवेदन केलें ऐसें जे, अठराशे एकोणसाठ सालीं मेलबर्न शहरीं हाच प्रसंग गुदरला होता. इंग्लंडाहून आलेले गृहस्थ, ज्याची त्याची शाळा निराळी आणि ज्याच्या त्याच्या शाळेचा फुटबॉल निराळा. कोणी म्हणे चेंडू हातीं घ्यावा, कोणी म्हणे शिवूं नये, आणि कित्येकांचे मतें तर समोरच्याच्या नडगीवर लाथ मारणें हीच मर्दुमकी. तेथील मैदानांतही झाडें होतीं. अखेर कांहीं असामी एका खाणावळींत बसले आणि थोडकेच नियम लिहिले, जे कोणाच्याही शाळेचे नव्हते. त्यांतून एक नवाच खेळ जन्मला, तो तेथें अद्यापि चालतो.

फौजा जांभया देऊं लागल्या. शार्दूल बोलिला, "ताई, शॉर्टमध्ये सांग ना यार. वडे थंड होतायत."

"शॉर्टमध्ये म्हणजे," देवयानी म्हणाली, "कोणाचाच खेळ खेळायचा नाही. आपला करायचा."

मग तहाची कलमें बोलूं लागले. चेंडूस हात लावावा कीं न लावावा, यावर पहिलाच मुक्काम पडला. जगन्नाथराव संध्याकाकूंस म्हणाले कीं, त्याला सांग, हात लावला की मी घरी चाललो; आर्यराव मातोश्रींस म्हणाले, "टेल हिम, नो हँड्स मीन्स नो फन." देवयानीनें मेलबर्नची तोड काढिली. कोणीं पायानें उडविलेला चेंडू वरचेवर झेलला तर हातीं धरावा, आणि झेलणाऱ्यास बिनहरकत एक लाथ चेंडूस मारूं द्यावी. दोन्ही पक्ष कुरकुरले, म्हणोन कलम न्याय्य ठरलें. आडवें पाडण्यास मनाई जाहली. हें कलम काकूंनीं झारा हातीं घेऊन मंजूर करविलें, त्यावर चर्चा जाहली नाहीं. दोन पाइनांमधून, झाडास न शिवतां, कोणत्याही बाजूनें चेंडू गेला तर गोल. आणि चेंडू कोणता? तेव्हां देवयानीस स्मरलें कीं, मेलबर्नच्या त्या नियमांत चेंडूच्या आकाराविषयीं अक्षर नाहीं. मग ठराव जाहला कीं, पूर्वार्ध गोल चेंडूनें आणि उत्तरार्ध लांबोड्यानें खेळावा.

ऐसा करार होऊन रणास तोंड लागलें. आणि लागतांच बोजवारा उडाला. आर्यरावांकडील एका गड्यानें चेंडू झेलला आणि हातीं घेऊन जो पळाला तो पार्किंग लॉटपर्यंत गेला. कां कीं झेलल्यावर किती पळावें हें कलम कोणीं लिहिलेंच नव्हतें. दोन्ही फौजा देवयानीवर चालून आल्या. कोणी म्हणे चीटिंग, कोणी म्हणे इट्स नॉट इन द रूल्स. आजवर तिचे मनीं ते मेलबर्नचे गृहस्थ मोठे शांत आणि दूरदर्शी होते, पाइप ओढीत नियम लिहीत होते. आतां तिला कळलें कीं त्यांसही घाम फुटला असेल, भूक लागली असेल, आणि चारही बाजूंनीं ओरडा चालला असेल. तिणें डोळे मिटले, आणि ओरडून हुकूम फर्माविला कीं, लाथ मारण्यापुरतींच पावलें टाकावीं, अधिक नाहीं. हा नियम कोठून आणिला ऐसें कोणीं पुसलें नाहीं. खेळ पुढें चालूं जाहला. देवयानी मनीं चकित जाहली. पांच वर्षांत इतका मोठा शोध तिला लागला नव्हता.

पूर्वार्धीं दोन्ही पक्ष गोलांत बरोबर राहिले. उत्तरार्धीं लांबोडा चेंडू आला, आणि जगन्नाथरावांचे ग्रह फिरले. शार्दूलानें मारलेला चेंडू त्यांणी वृक्षांसमोर उत्तम झेलला, फौजेनें जयघोष केला, नियमाप्रमाणें लाथ त्यांचीच. त्यांणी चेंडू गोल चेंडूसारखा जमिनीवर ठेविला, तो कलंडला. पुन्हा ठेविला, पुन्हा कलंडला. मग वर फेंकून मारूं गेले, तों चेंडू नडगीवर आपटून मागें गेला आणि दुखरा गुडघा वळला. पश्चिमेकडील तरुण फौज खदखदां हंसली. देवयानीनें दया येऊन दुसरी लाथ मंजूर केली, तरी ते चेंडू हातीं घेऊन नुसतेच पाहत उभे राहिले, आणि स्वतःशींच पुटपुटले, "ह्येला पुढचं कुठलं न् मागचं कुठलं? वांगं हाय का काय हे?"

आर्यराव हंसले नाहींत. ते आपली जागा सोडून शत्रूकडे चालत आले, आणि देवयानीस वाटलें कीं आतां कांहीं अनर्थ होतो. तों ते तीर्थरूपांच्या शेजारीं उभे राहिले आणि चेंडू त्यांच्या हातांत वळवून धरिला.

"नॉट लाइक दॅट, बाबा. हे टोक खाली. फेकू नका, जस्ट ड्रॉप इट. पाय सरळ."

जगन्नाथरावांनीं चिरंजीवांकडे पाहिलें नाहीं, चेंडूकडेच पाहिलें. मग हळूच पुसलें, "डाव्या पायानं मारू? उजवा दुखतोय."

"आय नो," आर्यराव म्हणाले. "डाव्यानेच मारा. वजन उजव्यावर जास्त वेळ नको." आणि चेंडूचें टोक पुन्हा खालीं करून, "आय एम सॉरी अबाउट द नी."

"हां," जगन्नाथराव म्हणाले. "बाजूला हो आता."

खेळ खोळंबला होता, आणि खोळंबा करूं नये ऐसें कलम नव्हतें; असतें तरी देवयानी तें त्या घटकेस विसरली असती. जगन्नाथरावांनीं चेंडू सोडिला, डावा पाय सरळ नेला, आणि तो लांबोडा चेंडू गिरक्या घेत, कुरूप ऐसा, दोन पाइनांच्या मधून पार जाहला.

मग एकच कल्लोळ. शार्दूल गरजला कीं, आपल्याच सेनापतीनें शत्रूस दारूगोळा पुरविला, ही फितुरी आहे, गोल रद्द करा! सर्वांनीं देवयानीकडे पाहिलें. ती बांकावर चढली, या वेळीं वही खालींच राहिली, आणि तिणें निवाडा दिला कीं, शत्रूस शिकवूं नये ऐसें कलम या तहांत नाहीं, आणि जोंवर ती पंच आहे तोंवर घातलें जाणार नाहीं.

थोडक्याच वेळांत काकूंनीं झारा थाळीवर आपटून लढाई आटोपल्याचा पुकारा केला. सर्व फौजा वड्यांवर तुटून पडल्या. देवयानी प्लेट घेऊन बसली, तों मागून आवाज येऊं लागला. जगन्नाथराव म्हणत होते कीं गोल स्वच्छ होता, आर्यराव म्हणत होते कीं चेंडू झाडास लागून गेला, "बाबा, आय सॉ इट!" "काय सॉ? चष्मा लाव लेका!" दोघांचे हात हवेंत, दोघांचे आवाज चढलेले. देवयानी मध्यें पडावयास उठूं लागली, तों संध्याकाकूंनीं तिचा दंड धरून तिला खालीं बसविलें.

"जाऊ नकोस," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसून तिच्या प्लेटींत आणखी एक वडा घातला. "आज माझ्यामार्फत नाही भांडत ते."

येणेंप्रमाणें कॅरी मुक्कामीं गोल चेंडूवाल्यांची, लांबोड्या चेंडूनें, एका गोलानें फत्ते जाहली, ती येथें दाखल केली. लांबोड्यावाल्यांनीं घेतलेली हरकतही दाखल आहे. तिची सुनावणी बापलेकांमध्यें अद्यापि चालूं असून, ती लवकर संपवूं नये ऐसी संध्याकाकूंची आज्ञा आहे.