रिकाम्या खुर्चीचे दिग्दर्शन

नाट्यदिग्दर्शन हा विषय आपल्याकडे सुरू झाला आहे, हे बालाघाटच्या एका हायस्कुलाला बावीस दिवसांनी कळले. कारण परिपत्रक चुकून बैहरच्या शाळेला गेले होते आणि तिथल्यांनी ते वाचून, सही करून, मगच पुढे धाडले. साल पासष्ट. विषय शिकवायला गोपाळकृष्ण सरांची एकमताने निवड झाली. सर भूगोल शिकवत, आणि निवडीच्या बैठकीला तेवढे एकटेच गैरहजर होते.

जबलपूरला सहा दिवसांचे प्रशिक्षण घेऊन सर परतले आणि पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर पंधरा चौकोन काढले.

"या खुर्च्या. मधली प्रमुख पाहुण्यांची. दिग्दर्शक म्हणजे कोण कुठं बसेल हे ठरवणारा माणूस. लिहून घ्या."

अकरावीतल्या कालिंदीने लिहून घेतले आणि हात वर केला. "सर, आणि नाटक?"

"ते पाहुणे बसल्यावर."

कालिंदीकडे नाटक तयार होते. वर्गातली अनुसया किरनापूरची. तिची आजी मैनाबाई एका कागदासाठी सात महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवत होती. कालिंदीने शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी त्याचेच बारा मिनिटांचे नाटक लिहिले. म्हातारी कचेरीत येते, बाबू 'उद्या ये' म्हणतो, आणि असे तीन दिवस चालते. म्हातारीचे काम अर्थात अनुसयाचे. तालमीत तिने पदराने जमीन झाडली, उकिडवी बसली आणि पदराची गाठ सोडून कागद काढला, तेव्हा मागच्या बाकावरची पोरं पुढे येऊन बसली. सरांनी चष्मा पुसला आणि खिडकीतून धूळ फार येते म्हणाले.

"मले एकच पाहिजे," अनुसया कालिंदीला म्हणाली. "मंचावरून माहं पूर्ण नाव पुकारलं पाहिजे. आजी ऐकाले येऊन राह्यली."

"पुकारतील. मी आहे ना," कालिंदी म्हणाली. दिग्दर्शक नवीन होती, तेव्हा तिला असे शब्द देता येत होते.

अडचण बाबूच्या भूमिकेत आली. घनश्यामला घेतला, तर त्याचे हेडक्लार्क वडील शाळेत आले. "काहून जी सर, माह्या पोराले बाबू करता? अन् तोही कामचोर? लोक काय समजतील?" लोक जे समजतील ते लोकांना आधीच ठाऊक होते, पण ते शासकीय अभिलेखात नव्हते. मग वसंताला घेतला. त्याचे वडील तेंदूपत्त्याचे ठेकेदार. ते हात जोडून म्हणाले, "सर, मला रोज बाबूलोकांपुढं उभं राहावं लागतं. पोराला बसवू नका." शेवटी शिपायाच्या पुनारामला विचारले. तो बापाला न विचारताच नाही म्हणाला.

सरांनी प्रशिक्षणाची वही चाळली आणि तोडगा काढला. बाबू रद्द. त्याच्या जागी रिकामी खुर्ची. खुर्चीचा बाप कुठेच नोकरीला नसल्यामुळे हरकत आली नाही. कालिंदी संतापाने रडली. मग डोळे पुसून विचार करू लागली, तेव्हा तिला वाटले की म्हातारी रिकाम्या खुर्चीशी बोलते हे तर जास्तच खरे आहे.

कार्यक्रमपत्रिका छापून आली. तिच्यात पाहुण्यांची नावे, त्यांची पदे आणि आधीच्या गावची पदेसुद्धा होती. अनुसयाच्या नावाला जागा उरली नव्हती. सरांनी ते कागदावर लिहून खिशात ठेवले. "आभाराच्या वेळी पुकारतो. शब्द."

कार्यक्रम दुपारी दोनचा. सव्वाचारपर्यंत हारतुरे चालले. हार घालणाऱ्यांनाही हार घातले गेले. एवढ्यात कचेरीतले एक साहेब उशिरा आले. पंधराच्या पंधरा खुर्च्या भरलेल्या. साहेबांना उभे ठेवणे शक्य नव्हते. गावात रिकामी अशी एकच खुर्ची होती आणि ती पडद्यामागे होती. सरांनी स्वतःच्या रुमालाने ती पुसली आणि साहेबांना तिथेच, पडद्यामागे, बसवले. शिकलेली विद्या अखेर कामी आली.

पडदा उघडला. अनुसयाने विंगेत पाहिले. पडदा पाडता आला असता. पण मागच्या भिंतीशी मैनाबाई बसली होती. कालिंदीने हाताने खूण केली, चालू दे.

अनुसयाने जमीन झाडली, उकिडवी बसली, गाठ सोडली. "साहेब, माहा कागद झाला का जी? सात महिने झाले, येऊन राह्यली."

साहेबांनी घड्याळ पाहिले. नाटक वगैरे काही त्यांच्या लक्षात नव्हते. खुर्चीत होते, समोर म्हातारी होती, तोंड आपोआप उघडले.

"कल आना, माई. बड़े साहब दौरे पर हैं."

सभागृह हसून लोटपोट झाले. साहेबांना का ते कळले नाही, पण बरे वाटले. अनुसया "हौ जी" म्हणून गेली आणि ठरल्याप्रमाणे परत आली. "बाबू छुट्टी पर हैं." तिसऱ्यांदा आली, तर साहेब खरोखरच चिडले. "एक बार में समझ में नहीं आता?" टाळ्या थांबेनात.

एकटी मैनाबाई हसली नाही. आवाज तिच्या ओळखीचा होता. पहिल्या 'कल आना'लाच ती सवयीने उठली, पायात चपला सरकवल्या आणि किरनापूरच्या बसकडे चालू लागली.

स्वाभाविक अभिनयाचा कप साहेबांना मिळाला. ते दहा मिनिटे बोलले आणि विद्यार्थ्यांनी परिश्रम करावेत असे म्हणाले. मग पाहुण्यांचा चहा थंड होऊ लागल्याने आभार आटोपते घेण्यात आले. कालिंदीला दिग्दर्शनात प्रथम श्रेणी मिळाली; शेरा होता, 'खुर्च्यांचे नियोजन उत्तम.' तिने तो कागद सरांपुढे धरला.

"सर, अनुसयाचं नाव राहिलं."

सरांनी खिसा चाचपला. कागद तिथेच होता. "अरे हो. उद्या प्रार्थनेत पुकारू."

"हौ जी," अनुसया म्हणाली. अगदी तालमीत म्हणत असे तसेच.

हसणाऱ्यांत आपण नव्हतो, असे बालाघाटात आता जो तो सांगतो. तुम्हीही सांगाल. पण गोष्ट संपत आली, पोरीला एकच गोष्ट हवी होती, आणि तिचे पूर्ण नाव काय, हे तुम्हीही अजून विचारलेले नाही. असू द्या. उद्या विचारा.