बेलदरवाडीत खड्डा नाही

ज्या प्रदेशाला स्वतःच्या मालकीची वाहतूक कोंडी नाही, त्याने स्वतःला महानगर म्हणवून घेऊ नये, हे आता शासनमान्य सत्य आहे. म्हणूनच साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचा पट्टा 'कृष्णाकाठ महानगर' म्हणून जाहीर झाला, तेव्हा इथल्या लोकांवरची जबाबदारी एकदम वाढली. (तोवर ते नुसतेच गावोगाव राहत होते.) महानगरात माणसांची वस्ती मध्यम, उसाची दाट आणि सरासरी नागरिक शेजारच्या उसाच्या निम्म्या उंचीचा, असा पहिला अहवाल महानगर प्राधिकरणाने काढला. हे प्राधिकरण फार कर्तव्यदक्ष होतं. रस्ते करण्याआधी त्यांची आपापसांत तुलना व्हावी, आणि तुलना चालू असताना मध्येच रस्ता करून तिच्यात ढवळाढवळ करू नये, असं त्याचं धोरण होतं.

तुलनेचे निकष दोनच होते. दर किलोमीटरला खड्डे किती, हा रस्त्याचा दर्जा. आणि तीन किंवा अधिक वाहनं 'सबळ कारणाशिवाय' एका जागी खोळंबली, तर ती कोंडी. ज्याचे खड्डे जास्त आणि कोंडी मोठी, त्याला निधी आधी. साहजिकच महानगराच्या दोन टोकांत चुरस लागली. साताऱ्याकडचे म्हणत, आमचे खड्डे खोल आहेत. सांगलीकडचे म्हणत, खोलीचं काय घेऊन बसलात, आमच्या एकेका खड्ड्यात दोन म्हशी ऐसपैस बसतात. प्राधिकरणाने दोघांचंही कौतुक केलं आणि याची नोंद 'भौगोलिक वैविध्य' या सदराखाली घेतली.

मोजणीसाठी माजी सैनिक नेमले, कारण फौजी माणूस खोटं लिहीत नाही. बेलदरवाडीच्या वाट्याला आले बेलदरवाडीचेच निवृत्त हवालदार नाथाजी. हे गाव इस्लामपूरहून फार लांब नाही. (नेमकं अंतर रस्त्यावर अवलंबून असल्यामुळे सांगता येत नाही.) नाथाजींनी हे काम मानधनासाठी घेतलं नव्हतं. त्यांची एकुलती लेक पूजा सांगलीला दिली होती, तिला सातवा महिना लागला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण सांगलीच्या विहीणबाईंनी निरोप धाडला होता, "आमची सून त्या रस्त्यानं येणार न्हाई. रस्ता करा, मग न्या." बनुबाईंनी, म्हणजे नाथाजींच्या बायकोने, डिंक, आळीव, बाळाची दुपटी सगळं आणून ठेवलं होतं. फक्त फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता तेवढा आणायचा राहिला होता.

नाथाजी पट्टी घेऊन निघाले, संध्याकाळपर्यंत हिंडले आणि प्राधिकरणाचे उपअभियंता मुकुल साहेब यांच्यापुढे जाऊन ताठ उभे राहिले.

"हवालदार, खड्डे किती?" साहेबांनी विचारलं.

"एकबी न्हाई, साहेब."

"एकही नाही? अहो, मी स्वतः येऊन गेलोय तिकडे. माझा चष्मा अजून तिथेच आहे."

"आसंल साहेब. पर तुमच्या कागदात लिवलंय, खड्डा म्हंजी ज्याच्या चारी बाजूंना रस्ता हाय आसा खोलगट भाग. आमच्याकडं चारी बाजूंना रस्ता कुठंच न्हाई. मग खड्डा म्हनू कशाला?"

मुकुल साहेबांनी व्याख्या पुन्हा वाचली. ती त्यांनीच तयार केलेली असल्यामुळे त्यांना तिच्यात चूक सापडली नाही. खड्डे शून्य. वाहन जातच नसल्यामुळे कोंडी शून्य. सातारा टोक आणि सांगली टोक या दोघांनाही मागे टाकून बेलदरवाडीचा रस्ता अख्ख्या महानगरात पहिला आला, आणि म्हणूनच निधीच्या रांगेत शेवटचा. नाथाजींना शाल-श्रीफळ मिळालं आणि इतर गावांनी बेलदरवाडीचा आदर्श घ्यावा, असं परिपत्रक निघालं. (काही गावांनी तो लगेच घेतलाही.)

घरी बनुबाईंनी शालीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "आवं, रस्ता आणाय गेला हुतासा न्हवं? आन् शाल घिऊन आलासा! आता पोरीला काय ह्यात गुंडाळून आणू?"

नाथाजींना रात्रभर वाईट वाटत राहिलं. सीमेवर त्यांनी बर्फात दिवस काढले होते, पण असली पंचाईत तिथे नव्हती. खोटे खड्डे लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं. म्हणजे खरे खड्डे हवेत. खड्ड्याला चारी बाजूंना रस्ता लागतो. याचा अर्थ खड्डे पाडायचे तर आधी रस्ता केला पाहिजे. सकाळी त्यांनी ही गोष्ट चावडीवर मांडली आणि गावाला ती ताबडतोब पटली. रस्ता चांगला करायला एरवी कोणी हललं नसतं, पण तो वाईट ठरवायचा म्हटल्यावर घरटी माणूस आलं. आकारामने ट्रॅक्टर काढला, मुरमाच्या ट्रॉल्या आणल्या, सुट्टीवर आलेल्या जवानांनी फावडी उचलली. नाथाजी शिट्टी घेऊन उभे राहिले.

"आकाराम, तितं टाकू नगं रं! त्यो आपला खड्डा हाय!"

"एवढा बारका? भरून टाकतो की."

"भरू नगं म्हनतो न्हवं! आदीच कमी पडत्यात. आन् त्या कडंला तर लय भरलास गड्या, मोकळं कर जरा!"

अशा प्रकारे बेलदरवाडीला आयुष्यात पहिल्यांदा खड्डे पडलेला रस्ता मिळाला. जाणकारांच्या मते तो वाळवा तालुक्यातल्या बऱ्या रस्त्यांपैकी एक होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जाई. दोन म्हातारे केवळ तेवढं बघायला फाट्यावर जाऊन बसत.

राहिली कोंडी. तिची जुळवाजुळव कशी करावी या काळजीत नाथाजी असतानाच मुकुल साहेब फेरतपासणीला आले. फाट्यावर नाथाजींना बसवून घेऊन जीप गावाच्या अलीकडे आली आणि थांबली. पुढे आकारामचा ट्रॅक्टर उभा होता. समोरून मोटारसायकलवर एक जवान आला होता आणि दोघेही रस्त्याच्या मधोमध इंजिन चालू ठेवून बोलत होते.

"कवा आलास?"

"कालच की."

"कवा जाणार?"

(फौजीला आल्या आल्या हा प्रश्न विचारणं ही इकडची माया आहे. तिचा राग धरायचा नसतो.) मग सुट्टी किती, पोस्टिंग कुठं, तिकडं थंडी कशी, थोरल्या भावाचा ऊस कारखान्याला गेला का, हे ओघाने आलंच. मागे दुधाची गाडी येऊन थांबली. तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवण्याऐवजी उतरून बोलण्यात सामील झाला, कारण त्यालाही थंडीबद्दल ऐकायचं होतं. मागे अजून दोन गाड्या लागल्या. मुकुल साहेबांनी घड्याळ काढलं.

"हवालदार, खोळंब्याचं कारण काय?"

नाथाजींना खोटं बोलता येत नव्हतं. "कारण काय न्हाई, साहेब. बोलत्यात नुसते."

'सबळ कारणाशिवाय' या रकान्यात साहेबांनी बरोबर अशी खूण केली. तेवढ्यात जीपच्या खिडकीत आकारामचं डोकं आलं. "पाव्हणं कुणाचं म्हनायचं?" साहेबांनी सांगलीचं घर सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं, आणि ते आजोबा वाळव्याला डॉक्टर होते व आकारामच्या चुलत्याचा पाय त्यांनीच बसवला होता, असं निष्पन्न झालं. मग जीपमध्ये चहा आला. त्या दिवशीच्या खोळंब्याने दोन्ही टोकांचा विक्रम मोडला आणि बेलदरवाडीला निधी मंजूर झाला.

तो येण्याआधीच पूजा आली. जावई पृथ्वीराज स्वतः गाडी चालवत होता. खड्डे मोजके आणि ठरलेल्या जागी असल्यामुळे तिला हिसका बसला नाही. वाटेत गावाने तीनदा गाडी अडवून तिची चौकशी केली, तेवढाच काय तो उशीर. बनुबाईंना दारात थांबवेना. त्या भाकरतुकडा घेऊन फाट्यापर्यंत चालत गेल्या आणि तिथेच ओवाळून, तिथेच रडल्या. पुढे इस्लामपुरात पूजाला मुलगी झाली. बाळबाळंतीण घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी निधीतून यंत्र आलं. त्याने फाट्यापासून वेशीपर्यंत सगळा रस्ता नीट उकरला आणि ते पुढच्या कामाला निघून गेलं.

सव्वा महिना झाला. लेकीला सासरी पाठवायची वेळ आली, पण विहीणबाईंचा शब्द होता, त्या रस्त्याने नाही म्हणजे नाही. नाथाजींनी उकरलेल्या रस्त्याबद्दल प्राधिकरणाचा तक्रारीचा कागद पुढे ओढला. ते त्यांचं कर्तव्यच होतं. आत बनुबाई नातीला तेल लावत होत्या.

"आवं, एवढी घाई काय हाय?" त्या म्हणाल्या. "पोरगी आता कुटं मला वळकाया लागलीया."

नात आजोबांकडे बघून हसली. हवालदारांनी बराच वेळ पेन हातात धरलं. मग त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'तक्रार नाही', आणि खाली सही केली. फौजी माणसाचं लिहिलेलं असल्यामुळे ते कोणी तपासलं नाही.

वर्षअखेरीस प्राधिकरणाचा तुलनात्मक अहवाल आला. महानगरातले बहुतेक रस्ते उकरलेले होते, आणि तक्रारी सातारा टोकाला शून्य, सांगली टोकाला शून्य. त्यावरून नागरिक समाधानी असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला, आणि तो काढताना प्राधिकरणाने काहीही लपवलेलं नाही. अहवाल सर्वांना पाहण्यासाठी खुला आहे. तुमच्या वॉर्डाचं पानही त्यात आहे आणि तिथेही शून्यच लिहिलंय. बेलदरवाडीचं समजण्यासारखं आहे, तिथे नात होती. तुमच्याकडे कोण राहायला आलं होतं?