सात नंबरच्या वेगाने

"चेंडू पुढे गेला की मागे, हे ओळखायला तीक्ष्ण डोळे लागतात, असा लोकांचा गैरसमज आहे, काका. खरे तर लागते ती सापेक्ष गतीची जाण. ती असली की चूक होणेच शक्य नाही!"

जर्मनीत न्यूरेनबर्गहून एर्लांगेनला परतणाऱ्या गाडीत उज्ज्वलने हे उद्गार काढले, आणि काढून झाल्यावर तो स्वतःच दचकला. मैत्रीच्या वडिलांसमोर सलग तीन वाक्ये तो प्रथमच बोलला होता. गेल्या महिनाभरात त्याची मजल "जय भीम, काका" आणि "थंडी वाढली आहे" यापलीकडे गेली नव्हती.

उज्ज्वल विद्यापीठात माणसांच्या चालण्याचे मोजमाप करी. कोणाचा गुडघा किती अंशांनी वळतो, हे तो दशांशापर्यंत सांगू शके. मात्र स्वतः एक पाऊल पुढे टाकायचे म्हटले की त्याचे गुडघे वळतच नसत. दोन वर्षांपासून त्याचे आणि मैत्रीचे लग्नाचे ठरले होते. अर्थात, त्या दोघांत. रामदासकाका नागपूरहून आले तेव्हा मैत्रीने बजावले होते, "बाबांशी तू स्वतः बोलायचंस. मी तुझी वकिली करणार नाही." काकांचे परतीचे विमान मंगळवारी होते आणि आज शुक्रवार होता.

शिवाय काका साधेसुधे गृहस्थ नव्हते. एकतीस वर्षे त्यांनी जिल्हा कबड्डी सामन्यांत पंच म्हणून काम केले होते. समोरच्या माणसाकडे ते असे रोखून पाहत, की आपला पाय कुठल्यातरी रेषेबाहेर पडला आहे, असे त्याला वाटू लागे.

"समजावून सांगा बरं," काका म्हणाले. "उद्या पोरीची मॅच आहे. पास पुढे देता येत नाही म्हणतात, आन् मला तर सगळेच पुढे दिसून राहिले."

मैत्री रग्बी लीगच्या एका हौशी मिश्र संघात खेळत असे. अंगावर झेपावण्याऐवजी प्रतिस्पर्ध्याच्या कमरेची फीत खेचायची, अशी त्या खेळाची सौम्य आवृत्ती होती. ("कबड्डीच आहे ही," काकांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता, "फक्त श्वास घेऊ देतात.")

उज्ज्वलने काकांच्या पिशवीतून एक संत्रे घेतले. "आता मी धावणारा खेळाडू. हे संत्रे मी मागे मैत्रीकडे टाकतो. पण गाडी पुढे पळते आहे. म्हणून बाहेर शेतात उभ्या असलेल्या गायीला विचाराल, तर ती शपथेवर सांगेल की संत्रे पुढेच गेले! नियम गायीचे ऐकत नाही. चेंडू हातातून निघताना, धावणाऱ्याच्या दृष्टीने, मागे निघाला की झाले. पाहा!"

त्याने संत्रे टाकले. मैत्री त्याच वेळी बुटाची नाडी बांधायला वाकली. तिच्या मागून तिकीट तपासनीस येत होते. संत्रे त्यांच्या टोपीवर आदळले.

"आल्झो," टोपी सावरत, 'तर मग' अशा अर्थाने, ते शांतपणे म्हणाले, "तिकीट?"

उज्ज्वलने दिलगिरी म्हणून त्यांनाही सापेक्ष गती समजावून सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि पुन्हा तिकीट मागितले.

काका मात्र प्रसन्न झाले होते. "म्हणजे पंचानं खेळाडूच्या वेगानं पळायला पाहिजे!"

"गेनाऊ!" 'अगदी बरोबर' अशा अर्थाचा जर्मन शब्द उज्ज्वलच्या तोंडून निसटला.

त्या एका शब्दाने त्याचा घात केला. शनिवारी सकाळी कळले, की संघाचा नेहमीचा सीमापंच केतन सायकलवरून पडला असून त्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे. सीमापंच यजमानांनीच द्यायचा, असा नियम होता. मुख्य पंच हेर (म्हणजे श्रीयुत) लोएफलर, नगरपालिकेत चाळीस वर्षे अर्ज तपासून निवृत्त झालेले गृहस्थ, झेंडा हातात घेऊन खोळंबले होते.

"आहेत ना आमचे उज्ज्वलराव!" काका गरजले.

'आमचे'! त्या एका शब्दात उज्ज्वलला घर दिसले, अंगण दिसले, चहाचे दोन कप दिसले. नकार द्यायला उघडलेले त्याचे तोंड तसेच मिटले.

"पास पुढे गेला, तर झेंडा उंच," हेर लोएफलर यांनी सूचना दिली. "बाकी काही नाही."

हेर्त्सोगेनआउराखचा पाहुणा संघ तगडा होता, तरी पूर्वार्ध सुरळीत पार पडला. चेंडू जिकडे जाई तिकडे उज्ज्वल सीमारेषेवरून पळे; प्रत्येक खेळाडूच्या बरोबरीने, त्याच्याच वेगाने, मान नव्वद अंशांत वळवून. काका पलीकडून ओरडत, "शाब्बास! सोडू नका त्याले!" त्याने दोनदा झेंडा उंचावला, दोन्ही वेळा अचूक. हेर लोएफलर यांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली. आज संध्याकाळी बोलायचेच, असे उज्ज्वलने ठरवले. पहिले वाक्यही तयार केले: 'काका, एक गोष्ट सांगायची होती.'

शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघ बरोबरीत होते. चेंडू मैत्रीच्या हाती आला आणि ती उज्ज्वलच्याच कडेने धावत सुटली. तोही सुटला, तिच्या वेगाने!

आणि मग सिद्धांतात सांगितले होते, अगदी तसेच घडले. मैदान मागे वाहू लागले. झाडे, माणसे, सायकली, सप्टेंबरचे पिवळे ऊन, सारे मागे वाहून गेले. आणि त्या पुरात एकटी मैत्री तेवढी स्थिर राहिली. तिच्या कपाळावर एक बट चिकटली होती. ओठ किंचित विलग होते, हिशेब करताना असतात तसे. दोन वर्षांत त्याने तिला इतके निवांत पाहिले नव्हते. भेटीत तो नेहमी कपाकडे पाही.

तिने पास दिला. सहकाऱ्याने तो झेलला आणि रेषेपलीकडे टेकवला. जल्लोष झाला!

उज्ज्वल अजून पळतच होता. त्याच्या मार्गात क्लबचे केकचे टेबल होते.

आवाज मोठा झाला. लोक वळून पाहतात, तो उज्ज्वल टेबलाखाली, कॉफीची किटली आडवी, आणि प्लमच्या केकच्या ऐन मधोमध रोवलेला झेंडा, ताठ, उंच, वाऱ्यावर फडकत!

हेर लोएफलर यांनी शिट्टी फुंकली. झेंडा उंच! पास पुढे! गुण रद्द!

यजमान खेळाडू धावून आले. मैत्री सर्वांच्या पुढे होती. "पुढे? माझा पास पुढे होता?"

"मी झेंडा दाखवलाच नाही," उज्ज्वल कानातला प्लम काढत म्हणाला. "तो आपोआप उभा राहिला."

"ठीक," हेर लोएफलर यांनी अहवालाचा कागद काढला. "मग पास मागे होता?"

खोटे बोलणे किती सोपे होते! एक 'हो', आणि मैत्रीचा संघ विजयी. उज्ज्वलने काकांकडे पाहिले. ते रोखून पाहत होते.

"मला... दिसले नाही."

"आपण दोन मीटरवर होतात. कशाकडे पाहत होतात? इथे कारणाचा रकाना आहे."

उज्ज्वल खालच्या आवाजात जर्मनमध्ये काहीतरी बोलला. हेर लोएफलर यांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतले.

"काय लिहून राहिले ते?" काकांनी मैत्रीला विचारले.

"चेंडूकडे का पाहिलं नाही, ते," मैत्री बुटांकडे पाहत म्हणाली.

"मग, कुठं पाहत होते?"

"सात नंबरकडे."

"सात नंबर कोण आहे?"

मैत्री हळूच वळली आणि वडिलांकडे पाठ करून उभी राहिली. जर्सीवर हातभर मोठा सात होता.

काकांनी तो आकडा बराच वेळ वाचला. तयार केलेले पहिले वाक्य उज्ज्वलच्या ओठांवर आले आणि त्याच्या लक्षात आले, की आता ते सांगण्यासारखे उरलेलेच नाही.

"ऐंशी साली," काका अखेर घसा खाकरून मैत्रीला म्हणाले, "काटोलच्या सामन्यात तुझी आई, गयाबाई, पहिल्या रांगेत बसली होती. चढाई करणारा पोरगा रेषेला शिवला की नाही, मी पाह्यलंच नाही. देऊन टाकला बाद! मागाहून समजलं, तो तिचा सख्खा भाऊ होता. गयाबाई अजून जेवताना ऐकवते." त्यांनी उज्ज्वलच्या खांद्यावरचा केक झटकला. "मला दिसलं नाही, हे म्हणायची हिंमत एकतीस वर्षांत मला झाली नाही, बेटा. तुम्ही म्हणालात."

मग हेर लोएफलर यांच्याकडे वळून त्यांनी शुद्ध मराठीत बजावले, "पोरगा पसंत आहे. पण झेंडा याच्या हाती पुन्हा देऊ नका!"

सामना बरोबरीत सुटला.

मंगळवारी विमानतळावर तपासणीच्या रांगेत शिरता शिरता काका मागे वळले. "मैत्री, तो पास मागंच होता. हातातून साफ मागं. मी पाह्यला ना!"

"बाबा! मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मला विचारलं कोणी? मी काय सीमापंच होतो?"

ते गेले. मैत्रीने सावकाश उज्ज्वलकडे पाहिले. त्या नजरेत माया होती, यात शंका नाही; पण ती त्या क्षणी पुढे येत होती की मागे जात होती, हे सांगण्याचे धाडस मात्र उज्ज्वलने केले नाही.